सम नसलेल्या मैफलीसाठी नाशिकला

शुक्रवार

नाशिकला शनिवारी रात्री मुक्त जॅझची, म्हणजे ठरलेली रचना आणि ठेका नसलेल्या जॅझची, मैफल होती आणि शुक्रवारी संध्याकाळी तिच्या तयारीचा श्रवणवर्ग. मुंबईहून निघणाऱ्यांना सकाळची तपोवन एक्स्प्रेस सोयीची. दुपारच्या आधी नाशिकरोडला उतरता येतं आणि संध्याकाळच्या श्रवणवर्गापर्यंत विश्रांतीही होते. कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात आणि इगतपुरीपर्यंत ती गाडी ढकलत नेतात. हा थळ घाट. चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एवढा वेळ कानातले हेडफोन काढून दाराशी उभं राहावं. वळणावर चाकं किंचाळतात तो आवाज नीट ऐकावा. चाक रुळाला क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. व्हायोलिनचा किंवा डबल बेसचा (व्हायोलिनचा उभ्याने वाजवायचा थोरला भाऊ) गज तारेवर नेमकं हेच करतो. म्हणूनच गजाचा दाब वाढवला की बेसमधून घाटातल्या गाडीसारखी किंकाळी निघते. शनिवारी रात्री हा आवाज पुन्हा भेटणार होता, आणि तेव्हा त्याला ‘कर्कश’ म्हणून झटकून टाकायचं नाही, एवढी तयारी घाटातच झालेली बरी.

नाशिकरोडहून शहर नऊ-दहा किलोमीटर. शेअर रिक्षा द्वारकेवरून शालिमारला सोडते. मुक्काम शालिमार किंवा गंगापूर रोडला ठेवावा, कारण कार्यक्रम संपायला साडेदहा वाजतात आणि डिसेंबरात त्या वेळी रस्त्यावर रिक्षा कमी, थंडी जास्त. स्वेटर हवाच. रात्री पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो. त्याचा संबंध फक्त अंगाशी नाही, वाद्यांशीही आहे. तो पुढे येईलच.

ऐकायचा होता तिघांचा संच: टेनर आणि सोप्रानो सॅक्सोफोन, डबल बेस, ड्रम. पियानो नाही, गिटारही नाही. अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन नोव्हेंबर १९५९मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात आपला चौघांचा संच घेऊन आला, त्यातही पियानो नव्हता. पियानोवाला स्वरसंगती धरून बसला की फुंकणाऱ्याला त्या चौकटीत राहावं लागतं. चौकट काढली की सुरावट कुठेही वळू शकते आणि बेसवाल्याला दर क्षणी ठरवावं लागतं, तिच्या मागे जायचं की तिला आडवं जायचं. कोलमनच्या हातात तेव्हा ग्राफ्टन बनावटीचा प्लास्टिकचा सॅक्सोफोन होता, हेही त्या वेळच्या श्रोत्यांना खटकलं होतं.

संध्याकाळच्या श्रवणवर्गाला पंचवीस-तीस जण. निम्मे शास्त्रीय संगीताच्या बैठकांना नेमाने जाणारे, काही तबला शिकणारी मुलं, दोघं-तिघं ढोल पथकातले. अशा मंडळींना जॅझचा इतिहास सांगत बसू नये. एकच ध्वनिमुद्रण लावावं. आम्ही लावलं ते सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि ड्रमवादक रशीद अली या दोघांचं, २२ फेब्रुवारी १९६७चं. पाच महिन्यांनी कोल्ट्रेन गेला. नुसता सॅक्सोफोन आणि ड्रम. कोल्ट्रेन सुरुवातीला छोट्या घंटा हलवतो आणि शेवटाकडे पुन्हा त्या हलवतो. मधल्या वादळात हरवलेल्याला घंटा ऐकू आल्या की कळतं, आता उंबरठा आला. नवख्याला अशी एक खूण पुरते. दोन कडा सापडल्या की मधला भाग आपोआप आकाराला येतो.

तबल्याच्या एका विद्यार्थ्याने लगेच विचारलं, यात सम कुठे आहे? सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, इथे नाही. ठेका नाही, आवर्तन नाही, त्यामुळे तिहाईने, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, गाठायची जागाही नाही. पण हाच मुलगा विलंबित ख्यालाच्या आधीचा आलाप तालाविना ऐकतोच, आणि तिथे तो गोंधळत नाही. कारण आलापात तो पुढच्या स्वराची वाट पाहत असतो. मुक्त जॅझमध्ये वाट पाहायची ती निर्णयाची. एकाने काहीतरी टाकलं. दुसरा ते उचलेल, टाळेल, की गप्प बसेल? मराठी श्रोत्याला हे नवीन नाही. सवाल-जवाब त्याला माहीत आहेत. फक्त इथे जवाब द्यायचाच असं बंधन नसतं.

शनिवार

सकाळी मिसळ, आणि ती लवकर, कारण नऊनंतर सगळीकडे रांगा. तिथून पायी जुन्या नाशकात, सराफ बाजारातून भांडी बाजाराकडे. तांब्यापितळेची घडाई चालते तिथे पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. पत्र्याला बाक येत जातो तसा ठोक्याचा आवाज चढत जातो. दोन कारागीर वेगवेगळ्या लयीत ठोकत असतील तर ठोके कधी एकत्र येतात, मग सरकत सरकत लांब जातात. रात्री ड्रमवाला उजव्या हाताने एका लयीत आणि डाव्या पायाने दुसऱ्याच लयीत वाजवतो तेव्हा हेच घडतं. आणखी एक नातं धातूचं. चांगली सिंबल ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील यांच्या मिश्रधातूची असते, म्हणजे जवळजवळ आपलं कासं. देवळातली झांज आणि ड्रमवरची सिंबल एकाच घरातल्या. फरक जाडीचा: झांज जाड, म्हणून नेमका स्वर देते; सिंबल पातळ आणि रुंद, म्हणून तिच्यातून असंख्य स्वर एकदम फुटतात आणि कुठलाच एक हाती लागत नाही.

रामकुंडावरून पुढे पंचवटीत गेलं की गायक विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण अटळ. १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या या माणसाने उत्तरायुष्यात नाशिकला आश्रम थाटला. गाणं दरबारातून काढून तिकीट घेऊन बसणाऱ्या सामान्य श्रोत्यापुढे आणण्यात त्यांचा वाटा फार मोठा. आज गंगापूर रोडवरच्या छोट्या सभागृहात १४० माणसं पैसे देऊन अनोळखी संगीत ऐकायला बसतात, त्याची एक मुळी तिथवर जाते.

दुपारी दोनला सभागृह उघडलं. साऊंड चेक पाहायला मिळत असेल तर कधीही सोडू नये. निम्मी मैफल तिथेच कळते.

आल्या आल्या तिघांनी रंगमंच नाकारला. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडून घेतल्या आणि स्वतः खाली, फरशीवर, त्रिकोणात उभे राहिले. एकमेकांत अंतर दीड मीटर, पहिली रांग तीन मीटरवर. कारण साधं आहे. या संगीतात मॉनिटरमधून, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, ऐकून चालत नाही. गज उचललेला दिसावा लागतो, सॅक्सवाल्याचा खांदा वर गेलेला दिसावा लागतो. रंगमंचावर चार-चार मीटर लांब उभं केलं की प्रत्येक जण स्वतःचंच ऐकतो आणि संगीत तीन तुकड्यांत मोडतं.

ड्रमखाली सहा फूट बाय सहा फुटांची जाड सतरंजी. ती नसेल तर गुळगुळीत फरशीवर बास ड्रम प्रत्येक लाथेला पुढे सरकतो. बेसच्या खालच्या खुंटीलाही रबरी टोपी किंवा सतरंजीचा तुकडा लागतो, नाहीतर वाद्य निसटतं आणि वादकाचा अर्धा जीव ते सांभाळण्यात जातो.

ध्वनिव्यवस्थेच्या माणसाने लग्नाच्या ऑर्केस्ट्राच्या सवयीने ड्रमला सात माईक लावले होते. सगळे काढावे लागले. दीडशे माणसांच्या बंद सभागृहात ड्रम आणि सॅक्सोफोन यांना माईकची गरज नाही. त्याहून घातक गोष्ट नॉइज गेटची. ठरावीक पातळीखालचा आवाज गेट बंद करून टाकतो. ढोलकी-ड्रमच्या दणक्यासाठी ते ठीक, पण इथे वादक तारेच्या ब्रशने चामड्यावर नुसता हात फिरवतो, आणि गेट तेवढंच गिळून टाकतो. कॉम्प्रेसरचंही तसंच: हळू आवाज वर उचलतो, मोठा दाबतो, आणि कुजबुज ते किंकाळी हा सगळा प्रवास सपाट होतो. या संगीताचा जीव त्या उंचसखलपणात आहे.

आधार लागतो फक्त बेसला. त्याची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, आणि ड्रम पेटला की ती बुडते. एक छोटा अँप पुरतो, पण तो जमिनीवर ठेवला की खर्ज फुगून घुमू लागतो. आम्ही तो लाकडी स्टुलावर, जमिनीपासून हातभर वर ठेवला. तरीही १०० हर्ट्झच्या आसपास घुमणं राहिलं, तेव्हा मिक्सरवर नेमकी तेवढीच पट्टी थोडी खाली ओढली. पंखे बंद, एसी बंद.

आता थंडी. हवा गार झाली की आवाजाचा वेग कमी होतो आणि फुंकवाद्य उतरतं. दहा अंशांच्या फरकाला हिशोबाने जवळजवळ अर्धस्वराचा तिसरा हिस्सा. वादकाच्या उच्छ्वासाने नळी गरम राहते, म्हणून प्रत्यक्षात उतार कमी असतो, पण तो दहा मिनिटं गप्प बसला की नळी निवते. बेसच्या पोलादी तारा उलट थंडीत आखडून चढतात. म्हणजे दोघं विरुद्ध दिशांना पळतात. उपाय: दारं साडेपाचलाच लावून घ्यायची, वाद्यं दोन तास आधी सभागृहातच ठेवायची. सॅक्सवाला न वाजवण्याच्या काळातही नळीत आवाज न करता गरम हवा सोडत होता, आणि स्वर उतरला तर माउथपीस बुचावर किंचित आत सरकवत होता. रीड (माउथपीसला लावायची पातळ पट्टी) त्याने चार काढून ठेवल्या होत्या, पाण्यात भिजवून, आलटून पालटून वापरायला. कोरडी रीड आयत्या वेळी चीं करते.

श्रोत्यांसाठी जागेचं गणित. सॅक्सोफोनच्या कर्ण्यासमोर नेमकं बसू नये; दोन खुर्च्या बाजूला, तिसऱ्या रांगेच्या आसपास बसावं. तिथे तिन्ही वाद्यं तोलात येतात. पुढच्या रांगेत बसायचंच असेल तर फोमचे इअरप्लग खिशात हवेत. ८५ डेसिबल आठ तास चालतात असं धरलं तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. कापसाचे बोळे नावालाच अडवतात.

रात्री आठ पाच. निवेदन नाही, ओळख नाही. बेसवाल्याने गज पुलाच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी घोडीच्या, अगदी जवळ टेकवला. तिथे मूळ स्वर जवळजवळ नाहीसा होतो आणि वरचे सहस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे बारीक स्वर, सळसळत उठतात, वाळलेल्या उसाच्या पाचटात वारा शिरावा तसे. सुमारे चार मिनिटं एवढंच. सॅक्सवाला फक्त चाव्या उघडझाप करत होता. फुंक नाही, नुसती टपटप. ड्रमवाला हात मांडीवर ठेवून बसलेला. सात मिनिटं तो काहीही वाजवत नाही! संयम हा शब्द आपण फार सैल वापरतो. समोर अख्खं वाद्य, मागे १४० माणसं, आणि अजून वेळ झाली नाही हे ओळखून थांबणं, हीच या मैफलीतली पहिली थोर गोष्ट. त्याने सुरुवात केली तीही काठीने नाही, तळहाताने, मोठ्या ड्रमवर, एक थाप. बेसवाल्याने त्या थापेला गज उचलला. सगळ्या सभागृहाने श्वास घेतलेला ऐकू आला.

मग पुढची पंधरा-वीस मिनिटं चढण. टेनर सॅक्सोफोनचा सगळ्यात खालचा स्वर धरून सॅक्सवाल्याने बोटं न हलवता, केवळ घसा आणि ओठ बदलून त्याच्यातून एकेक सहस्वर वर काढला: आधी वरचा षड्ज, मग पंचम, मग तार षड्ज, मग गंधार. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेत कान देऊन बसणाऱ्याला ही शिडी लगेच ओळखू येते, आणि पहिली कुजबुजती ‘वा’ इथे आली. त्यानंतर त्याने श्वास न तोडता वाजवायला घेतलं. गालात हवा साठवायची, ती बाहेर ढकलत असतानाच नाकाने नवी आत घ्यायची. आपले सनईवाले पिढ्यान्‌पिढ्या हे करत आले आहेत, त्यामुळे श्रोत्यांना कसरतीचं नवल नव्हतं. नवल होतं ते त्यातून उभ्या राहिलेल्या दोन आवाजांचं. खाली एक स्थिर घरघर, वर तुटक पाखरांसारखे स्वर, आणि दोन्ही एकाच नळीतून.

ड्रम तोवर ताशासारखा कडाडत होता. ढोल पथकातल्या मुलांच्या मांड्यांवर बोटं नाचायला लागली आणि थांबली, कारण पकडायला ठेका नव्हता. नाशिक ढोल सगळ्यांना एका पावलात बांधतो. हा ड्रम बांधलेलं सोडवत नेतो. कानाला हे जड जायला लागलं की एक युक्ती करावी: तीन मिनिटं फक्त बेस ऐकायचा, मग तीन मिनिटं फक्त डावीकडची सिंबल, मग दोघांच्या मधली जागा. एकदम सगळं पकडायला गेलं की दहा मिनिटांत कान थकतो आणि डोकं ‘नुसता गोंगाट’ असा निकाल देऊन मोकळं होतं.

उत्तरार्धात, नऊ वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास, वीज गेली. अंधार. बेसचा अँप मेला. तिघांपैकी कोणीही थांबलं नाही, पण तिघांनीही एका क्षणात आवाज खाली आणला, म्हणजे बिनअँपचा बेस ऐकू यावा इतका. ड्रमवाल्याने काठ्या टाकून बोटांची टोकं घेतली. सॅक्सोफोनमधून स्वराऐवजी नुसती हवा. बेसवाल्याने अंधारातच चाचपून अँपचा आवाज शून्यावर आणला, नाहीतर वीज परतल्यावर धाडकन दणका बसला असता. मागच्या आवारात जनरेटर सुरू झाला. आयोजकांच्या चेहऱ्यावर काळजी, कारण त्याची घरघर भिंतीतून आत येत होती.

आणि बेसवाल्याने ती घरघर घेतली. जनरेटरची ही गूंज ५० हर्ट्झच्या आसपास असते. बेसच्या खालच्या तारेवर तिसऱ्या जागी बोट ठेवलं की ४९ हर्ट्झचा स्वर मिळतो. दोन स्वर इतके जवळ आले की त्यांच्यात हेलकावे उठतात. जमिनीतून येत असावा तसा, सेकंदाला एक-दोन असा संथ डोल सभागृहात सुरू झाला. मग त्याने बोट कणभर वर सरकवलं. डोल संथ झाला, आणखी संथ, आणि नाहीसा झाला. जनरेटर आणि बेस एक झाले. तानपुरा जुळताना जी शांतता पसरते तीच पसरली. त्या खर्जावर सॅक्सवाल्याने सोप्रानो उचलून पाच स्वरांची एक साधी सुरावट ठेवली, त्या रात्रीची एकमेव गुणगुणता येईल अशी.

तेव्हा मागच्या रांगेतून एका आजोबांचा ‘क्या बात है’ आला. टाळी नाही, आरडाओरडा नाही. त्यांच्या मागोमाग पाच-सहा ‘वा, वा’. ही दाद कुणाच्या तयारीला नव्हती. वेग नव्हता, अवघड काही नव्हतं. एका माणसाने सगळ्यांना नको असलेला आवाज ऐकला आणि त्याला मैफलीत बसायला जागा दिली, हे श्रोत्यांना कळलं आणि त्यांनी तिथेच सांगितलं. जॅझ क्लबात प्रत्येकाच्या एकलवादनानंतर टाळ्या देण्याची रीत आहे. मुक्त वादनात एकल कुठे संपतं हेच धूसर असतं, आणि टाळी पडली की सूत तुटतं. आपली बैठकीतली हळू, स्वराच्या आतच विरघळणारी दाद तिथे जास्त शोभते. कार्यक्रमानंतर वादकांनीही तिचंच कौतुक केलं: ती त्यांना वाजवताना ऐकू येत होती आणि तिने त्यांना अडवलं नाही.

शेवट कसा ओळखायचा हा नवख्यांचा नेहमीचा घोळ. आवाज थांबला म्हणजे शेवट नव्हे. गज तारेपासून सुटून खाली आला, माउथपीस ओठांपासून दूर गेलं, की शेवट. शनिवारी ते अंतर आठ-नऊ सेकंदांचं होतं. कुणीही घाई केली नाही.

रविवार

सकाळी तिघांबरोबर तासाभराच्या गप्पा. सगळ्यात उपयोगी गोष्ट ड्रमवाल्याकडून मिळाली: प्रयोगाआधी ते सूर किंवा रचना ठरवत नाहीत, फक्त एक अट ठरवतात. आदल्या रात्री अट होती की कुणीही सलग दुसऱ्यांदा पुढाकार घ्यायचा नाही. हे कळल्यावर ती सात मिनिटं आणखी मोठी वाटायला लागली. तबला शिकणाऱ्या मुलांनी ही अट वहीत लिहून घेतली. दोघांनी मिळून करून पाहण्यासारखी आहे, दहा मिनिटांचं घड्याळ लावून.

तिथून पांडवलेणी. शहरापासून आठेक किलोमीटर, पायऱ्यांची चढण पंधरा-वीस मिनिटांची. चोवीस लेण्यांपैकी तिसऱ्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख, अठराव्यात चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं दालन. आवाजासाठी हे शेवटचंच महत्त्वाचं. आत वाद्य वाजवू नये, वास्तू संरक्षित आहे. हळू आवाजात एखादा शब्द उच्चारून थांबणं पुरे. गर्दी दहानंतर वाढते.

परतीच्या गाडीत ऐकायला एक ध्वनिमुद्रण सुचवतो. कोलमनने २१ डिसेंबर १९६०ला दोन चौकड्या एकाच वेळी वाजवायला बसवल्या. डाव्या कानात तो स्वतः, डॉन चेरी, स्कॉट लाफारो आणि बिली हिगिन्स; उजव्या कानात एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन आणि एड ब्लॅकवेल. लांबी सदतीसेक मिनिटं. नाशिकरोड सुटताना फक्त डावा हेडफोन लावायचा आणि एकदा पूर्ण ऐकायचं. मग फक्त उजवा, पुन्हा पूर्ण. घाट उतरून गाडी सपाटीला लागली की दोन्ही कान लावून तिसऱ्यांदा. कल्याणच्या आसपास ते संपतं.